पत्त्याचा रकाना

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. पुण्या-मुंबईची मुले जूनच्या मध्यावर वर्गात जाऊन बसतात, तेव्हा नागपूरच्या शाळांची कुलपे अजून निघालेली नसतात. आता ती निघाली आहेत. शाळांच्या दारांना आंब्याच्या पानांची तोरणे लागली, पहिलीच्या मुलांना फुले देऊन आत घेतले गेले, बालभारतीची कोरी पुस्तके हातात पडली. याच दिवसांत २६ जून येतो, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. राज्य तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढणाऱ्या राजाचे स्मरण शाळा उघडण्याच्या दिवसांत व्हावे, हा योग चांगला आहे. म्हणूनच प्रवेशोत्सवाला जे मूल येत नाही, त्याच्याविषयी बोलायला हीच वेळ योग्य.

उन्हाळ्याची सुटी नागपुरात लांबते ती मुलांना उन्हापासून वाचवण्यासाठी. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश तापमान अनुभवले आहे, तेव्हा या निर्णयात वावगे काही नाही. मात्र सुटीचा हा सारा हिशेब प्रत्येक मुलाला घर आहे असे धरून केलेला आहे. घरात कूलर असेल, निदान पंखा असेल, माठ असेल, दुपारी दार लावून घेता येईल. रेल्वे स्टेशनच्या परिसरात, उड्डाणपुलाखाली, मेडिकल रुग्णालयाच्या आवारात किंवा बांधकामाच्या कडेला पत्र्याच्या आडोशाने राहणाऱ्या मुलाला यांतले काहीच नसते. त्याच्या वाट्याला येणारा पंखा, नळ आणि दुपारचे शिजवलेले जेवण या तिन्ही गोष्टी शाळेत असतात. शाळा बंद झाली की तिन्ही एकाच दिवशी जातात, आणि त्याही ऐन मे महिन्यात. ज्या उन्हापासून वाचवायचे म्हणून आपण शाळा बंद करतो, त्याच उन्हात हे मूल दिवसभर उभे राहते.

नागपूर हे देशाच्या मधोमध वसलेले जंक्शन. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे चारही दिशांची माणसे इथे उतरतात आणि त्यांतली काही इथेच राहून जातात. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून बांधकामावर आलेली कुटुंबे आहेत. पारधी, मांग गारुडी आणि इतर भटक्या जमातींची कुटुंबे आहेत. पिढी-दोन पिढ्या पदपथावरच संसार केलेली घरे आहेत. ‘घरे’ म्हणायचे ते माणसांना उद्देशून, भिंती नाहीत. कोणाचा तरी इलाज लांबला म्हणून मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाबाहेर महिनोन्‌महिने अंथरूण टाकून राहिलेले खेड्यातले आईबाप असतात, त्यांच्यासोबत शाळेच्या वयाची पोरे असतात. आणि फलाटावर एकटी उतरलेली मुले असतात. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक बेघर माणसे मोजली; त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातली होती. मोजणी एका रात्रीची होती, हे ज्याने हा आकडा वाचला त्याने ध्यानात ठेवावे. रात्री हाकलले जाऊ नये म्हणून जी माणसे उजेडापासून दूर झोपतात, ती मोजणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतात.

या मुलांच्या शाळेची अडचण कुठे सुरू होते? मुलाचे नाव घालायला आलेल्या आईपुढे छापील अर्ज येतो. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, मातृभाषा हे ती सांगते, लिहून घेणारे लिहून घेतात. मग येतो राहण्याच्या पत्त्याचा रकाना. ‘टेशनसमोर’, ‘पुलाखाली’, ‘मेडिकलच्या भिंतीजवळ’ ही तिची उत्तरे त्यात बसत नाहीत. बहुतेक वेळा तिला कोणी हाकलून देत नाही. ‘आधार घेऊन या’, ‘जन्माचा दाखला काढा’, ‘आधीच्या शाळेची टीसी आणा’, ‘बडे सर आल्यावर या’ एवढेच सांगितले जाते. तिची एक फेरी म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी. दुसऱ्या फेरीनंतर ती येत नाही. कोणी ‘नाही’ म्हटलेलेच नसल्याने शाळेच्या दप्तरी नकाराची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून वरच्या कार्यालयात हा प्रश्नही नसतो.

वास्तविक कायदा या आईच्या बाजूने उभा आहे, आणि नुसता उभा नाही, चांगला तपशीलवार बोलतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ५ सांगते की टीसी यायला उशीर झाला, हे प्रवेश अडवण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि टीसी देण्यात दिरंगाई करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम १५ नुसार प्रवेशाची मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावेच लागते. कलम ४ प्रमाणे दहा वर्षांच्या, कधीच शाळेत न गेलेल्या मुलीला पहिलीत बसवायचे नाही. तिच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचे. कलम ९ तर स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे नागपुरात महापालिकेवर, आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याची आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी टाकते. आधार कार्डाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही.

मग अडते कुठे? मुख्याध्यापकाच्या टेबलावर अडते, आणि त्यात एकट्या मुख्याध्यापकाला दोष देणे अन्यायाचे होईल. राज्यात शिक्षकांची पदे संचमान्यतेवर ठरतात, संचमान्यता पटावर ठरते, आणि अलीकडे पटात धरले जाते ते आधार प्रमाणित झालेले मूल. मूल वर्गात बसलेले आहे, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणते आहे, दुपारी जेवते आहे. पण पोर्टलवर त्याचे आधार जुळत नाही, तर शिक्षकाच्या पदापुरते ते नसल्यासारखे होते. आधीच पट घसरून शाळा बंद पडण्याच्या भीतीत असलेल्या महापालिकेच्या मुख्याध्यापकाने अशी पाच-दहा मुले घेतली, तर काम वाढते आणि मान्य पट मात्र वाढत नाही. त्यातून पटाची पडताळणी ३० सप्टेंबरच्या आकड्यावर. दिवाळीनंतर शहरात उतरणारे मजुराचे पोर त्या तारखेला कुठल्या तरी दुसऱ्याच गावच्या पटावर असते, किंवा कुठल्याच नसते. न्यायालय म्हणते आधारविना घ्या, आणि प्रशासनाची यंत्रणा आधारविना घेतलेल्या मुलाला मोजत नाही. हा गुंता शाळेत सुटणारा नाही, तो मंत्रालयात सोडवावा लागेल. बेघर आणि स्थलांतरित मुलांची गणना प्रत्यक्ष उपस्थितीवर व्हावी, एवढा एक शासन निर्णय निघाला तरी कितीतरी शाळांची दारे आपोआप सैल होतील.

खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचे तर बोलायलाच नको. तिथे प्रवेश ठरतो घरापासून शाळेच्या अंतरावर, आणि घर सिद्ध करायचे रेशनकार्डाने, वीजबिलाने नाही तर नोंदणीकृत भाडेकराराने. शिक्षण हक्क कायद्याचा सर्वांत बोलबाला झालेला हा लाभ. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला त्याचा अर्जसुद्धा भरता येत नाही. जातीच्या दाखल्याचेही तेच. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचा आजा-पणजा पालावर जन्मला आणि पालावरच गेला, त्यांनी हा कागद कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. आणि कागद असलेल्यांचेही कागद जातात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली, तेव्हा पक्क्या घरांतलीही कपाटे भिजली. ज्यांची सारी कागदपत्रे पन्नीत गुंडाळून उशाला असतात, त्यांना तर दर पावसाळा हा पूरच असतो.

त्याच २०२३ चा मार्च महिना नागपूरकरांना आठवत असेल. जी-२० च्या नागरी गटाच्या, म्हणजे सी-२० च्या बैठकीसाठी शहर रंगवले जात होते, वर्धा मार्गावर दिवे लागत होते, आणि त्याच सुमारास पोलिसांनी कलम १४४ खाली सार्वजनिक ठिकाणी भीक मागण्यास बंदी घातली. चौकांतली माणसे दिसेनाशी झाली, मुलेही. लहान मूल सिग्नलवर गाड्यांच्या काचा ठोठावत फिरावे असे कोणालाच वाटत नाही, आम्हालाही नाही. पण त्या आदेशाच्या जोडीला शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश निघाला असता, प्रत्येक चौकातल्या मुलांची यादी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडे गेली असती, तर त्या बंदीतून काही उभे राहिले असते. मुले चौकातून हलली आणि पाहुणे गेल्यावर परत आली. मधल्या काळात त्यांना कुठे ठेवले यावर थोडीफार चर्चा झाली; त्यांना कुठल्या वर्गात बसवले, असे मात्र कोणी विचारले नाही.

समजा, नाव घातले. पुढचे काम त्याहून अवघड आहे, आणि ते पूर्णपणे शाळेच्या हातात आहे. पुलाखाली राहणाऱ्या मुलीची सकाळ डोळ्यांसमोर आणून पाहावी. उजाडायच्या आत उठावे लागते, कारण रहदारी सुरू होते. सुलभ शौचालयात आंघोळीचे पैसे द्यावे लागतात, म्हणून आंघोळ रोज होत नाही. शाळेचा गणवेश एकच, तो धुतला तर वाळत घालायला जागा लागते, आणि वाळत घातलेला राखायला माणूस लागते. दप्तर रात्री डोक्याखाली असते. पाऊस आला की आई आधी धाकट्याला उचलते, मग भांडी, मग दप्तर. धाकट्याला सांभाळून, पाणी भरून ती शाळेत पोचते तेव्हा प्रार्थना संपलेली असते. उशिरा आली म्हणून तिला वर्गाबाहेर उभे केले जाते. वही भिजलेली, गृहपाठ झालेला नाही, अंगाला वास येतो म्हणून बाकावरची मुलगी सरकून बसते. तिसऱ्या तासाला तिला झोप लागते. शिक्षकाला दिसते ते आळशी, बेशिस्त, अस्वच्छ मूल. शाळेने तिला यांतल्या एकाही गोष्टीसाठी शिक्षा करायची नाही, असे ठरवले तरी पुष्कळ होईल.

त्याहून थोडे अधिक कसे करता येते, हे ठाण्याच्या तीन हात नाक्याने दाखवून दिले आहे. जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने ठाणे महापालिकेच्या साथीने तिथल्या उड्डाणपुलाखाली जुन्या कंटेनरांमध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. सिग्नलवर गजरे, खेळणी विकणारी मुले, बहुतेक मराठवाड्यातल्या दुष्काळाने विस्थापित झालेल्या पारधी कुटुंबांतली. त्या शाळेचा दिवस आंघोळीने सुरू होतो. मुले येतात, आंघोळ करतात, शाळेतच ठेवलेले स्वच्छ कपडे घालतात, खातात आणि मग शिकायला बसतात. तिथून मुले दहावी झाली, पुढे गेली. या साऱ्यात फार मोठा खर्च नव्हता. मूल कुठून येते ते आधी बघायचे आणि त्याप्रमाणे शाळेची वेळ, शाळेचे काम बेतायचे, एवढे शहाणपण होते. नागपूरच्या महापालिका शाळांतही नळ आहेत, मोकळ्या खोल्या आहेत. पट उतरल्याने रिकामे पडलेले वर्ग तर किती आहेत! त्यांतल्या एका खोलीत कुलपाचे कपाट ठेवून या मुलांची दप्तरे, गणवेश आणि दाखले तिथेच सांभाळता येतील. आंघोळीला अर्धा तास देता येईल. शाळा सुटल्यावर दोन तास तीच खोली अभ्यासासाठी उघडी ठेवता येईल, तिथे दिवा आणि पंखा तर आहेच.

मात्र एक गोष्ट सांगायला हवी. बेघर मुलांसाठी वेगळी शाळा काढावी, अशी कल्पना नागपुरातही अधूनमधून निघते. ठाण्याच्या शाळेबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, पण ती तिथल्या परिस्थितीची गरज होती; तोच सर्वत्र गिरवायचा कित्ता नव्हे. पुलाखालच्या मुलांची शाळा पुलाखालीच राहिली, तर पुलाखालचे जगणे कायमचे गृहीत धरल्यासारखे होते. या मुलांनी इतर मुलांसोबत, त्यांच्याच बाकावर, त्यांच्याच मैदानावर शिकले पाहिजे. रस्त्यावरचे वर्ग हवेत, पण शाळेच्या दारापर्यंत पोचवण्यासाठी. नागपुरात ‘उपाय’ या संस्थेच्या तरुणांनी भरवलेल्या ‘फुटपाथशाळां’चे मोल याच अर्थाने मोठे आहे. नोकरी करून संध्याकाळी पदपथावर फळा मांडणारी ही मुले-मुली जे करतात, त्याला जवळच्या सरकारी शाळेतून कोणी तरी हात द्यायला हवा, म्हणजे आज फळ्यासमोर बसलेले मूल उद्या पटावर येईल.

या शहराला हे काम नवे नाही. शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली ती इथेच, नागपुरात, मे १९२० च्या अखेरीस. तरुण आंबेडकर तिला हजर होते. शाहू महाराजांची सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याआधी त्यांनी वसतिगृहे काढली होती, हे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. १९०१ पासून एकेका समाजासाठी कोल्हापुरात वसतिगृह उभे राहत गेले, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातल्या पोराला शिकायचे तर आधी शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न हवे, हे त्या राजाला कळले होते. शिक्षणाची सक्ती छपराच्या मागून आली, आधी नाही. आज शंभर वर्षांनी आपल्याकडे सक्ती आहे, कायदा आहे, पुस्तके आहेत, आणि छपराचे काम मात्र समाजकल्याण खाते, महिला व बालविकास खाते आणि महापालिका यांच्यात वाटले जाऊन कोणाचेच उरलेले नाही.

नागपूरच्याच जाईबाई चौधरींचे आयुष्य या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. उमरेडच्या दलित कुटुंबात जन्मलेली, दुष्काळाने नागपुरात आणलेली ही मुलगी पोटासाठी हमाली करत होती. एका मिशनरी बाईंनी तिच्यातली शिकण्याची आच ओळखली, तिला शिक्षिका केले. जातीमुळे ती नोकरी गेली. त्यावर जाईबाईंनी काय केले, तर १९२० च्या दशकात नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. डोईवर ओझे वाहणाऱ्या बाईने उभी केलेली शाळा या शहराच्या इतिहासात आहे. त्याच वाटेवर पुढे रामभाऊ इंगोले यांनी विमलाश्रमात वेश्यावस्तीतल्या मुलांना घर दिले आणि पाचगावच्या दगडखाणींतल्या मजुरांच्या मुलांसाठी शाळा उभारली. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांपुढे फुटबॉल टाकला, आणि तिथून ‘स्लम सॉकर’ उभे राहून बेघरांच्या विश्वचषकापर्यंत भारताचा संघ गेला. ‘झुंड’ चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोचली. ते वर्ग सोडून मैदानात उतरलेले शिक्षक होते, आणि अशी माणसे आजही नागपूरच्या शाळांत आहेत. त्यांना मोकळीक द्यायची की ऑनलाइन माहिती भरण्यात आणि मतदारयाद्यांच्या कामात त्यांची दुपार घालवायची, हे शासनाने ठरवायचे आहे.

याच पट्ट्यातली आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ मध्ये ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा सुरू केली. स्टेशनांवर आणि चौकांत भीक मागणारी पारधी मुले त्यांनी वेचून आणली. शाळा चालवायला पैसा नव्हता म्हणून आंदोलनाच्या रूपाने भीक मागितली. त्या शाळेच्या जागेतून समृद्धी महामार्ग गेला आणि २०१९ मध्ये ग्रंथालयासकट काही बांधकामे पाडली गेली. नागपुरातून निघणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता विदर्भाच्या प्रगतीसाठी हवा होता, यात वाद नाही. पण ज्या मुलांना पहिल्यांदा कुठे तरी कायमची जागा मिळाली होती, त्यांच्याच जागेवरून तो जावा आणि पर्यायी बांधकाम आधी उभे राहू नये, हे आपल्या राज्याला शोभले नाही.

बेघर आईबाप शाळेला बिचकतात, त्यामागे आणखी एक भीती असते. मुलाचे नाव कुठे नोंदवले की ‘उचलून नेतील’. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे घर किंवा स्थिर निवारा नसलेले मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते, आणि त्याला बालकल्याण समितीपुढे नेता येते. एकट्या मुलासाठी ही ढाल आहे. आईजवळ झोपणाऱ्या मुलासाठी मात्र तिचा विचारपूर्वक वापर व्हायला हवा, कारण मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, असे हाच कायदा सांगतो. शाळेतल्या बाईंनी ‘मी कोणालाही घेऊन जाऊ देणार नाही’ असे सांगितले आणि तसे वागून दाखवले, तरच आई पोराला पाठवते. राज्यात २०१७ पासून बालरक्षक शिक्षकांची चळवळ आहे. आपणहून वस्त्यांत जाऊन शाळाबाह्य मुले शोधणारे, स्थलांतर थांबवायला गावकऱ्यांच्या हातापाया पडणारे शिक्षक तिने घडवले. नागपुरासारख्या शहरात बालरक्षकाला निश्चित हद्द द्यावी: हा पूल, हा फलाट, हे बांधकाम तुमचे. अमेरिकेने १९८७ सालच्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यातून जी व्यवस्था घडवली, तिचा गाभा एवढाच आहे. प्रत्येक शालेय जिल्ह्यात बेघर मुलांसाठी एक जबाबदार व्यक्ती, कागदांविना लगेच प्रवेश, आणि कुटुंब शहरातल्या शहरात कुठेही हलले तरी मुलाला जुन्याच शाळेत राहण्याचा हक्क, त्यासाठी वाहनाची सोय. नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारे मूलही तिथे बेघर धरले जाते.

यांतला शाळा न बदलण्याचा मुद्दा आपल्यासाठी फार कळीचा आहे. आपल्याकडे ‘शेजारची शाळा’ हे तत्त्व आहे, आणि ते घर एका जागी असलेल्यांसाठी उत्तमच आहे. पण अतिक्रमण पथकाची गाडी आली की पदपथावरचे कुटुंब व्हरायटी चौकातून उठून इतवारीला जाते, तिथून अजनीला. दर वेळी शेजार बदलतो, म्हणून शाळा बदलायची? मुलाच्या आयुष्यात वर्गातल्या बाई आणि बाकावरची मैत्रीण एवढ्याच दोन गोष्टी टिकलेल्या असतात. शहर बसचा एक मोफत पास त्या टिकवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांसाठी एक चोवीस तास चालणारा निवारा हवा. २०११ च्या २४ लाखांच्या नागपुराला त्या हिशेबाने २४ हवेत. त्यांतल्या किती निवाऱ्यांत आई, बाप आणि मुले एकत्र झोपू शकतात, अभ्यासाला कोपरा आहे का, जवळची शाळा कोणती, हे महापालिकेने शाळा सुरू होण्याच्या या महिन्यातच जाहीर करावे.

आणि पुढच्या मे महिन्याची तयारी आतापासून करावी. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही शाळेतले जेवण चालू ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते. ज्या मुलाच्या घरी चूल नाही, त्याच्यासाठी दरवर्षीच दुष्काळ असतो. नागपूरच्या प्रत्येक झोनमध्ये एक शाळा मे-जूनभर सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत उघडी राहावी. पंखे, थंड पाणी, जेवण, चित्रांची पुस्तके आणि दोन मानधनावरची माणसे, एवढ्यात भागते. शहराच्या उष्मा कृती आराखड्यात बागा उघड्या ठेवणे, पाणपोया घालणे असे उपाय असतात. त्यांच्या यादीत या शाळाही याव्यात. शिकवण्याचे नाव नाही काढले तरी चालेल. मूल उन्हात नाही आणि शाळेपासून तुटलेले नाही, एवढे झाले की जूनमध्ये ते पुन्हा शोधायला जावे लागत नाही.

४ जुलै २०१५ ला राज्यात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली गेली. शाई काही दिवसांत गेली, आणि मोजणीतून आलेला आकडा फारच कमी असल्याची तक्रार या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तेव्हाच केली. आता २०२७ ची जनगणना येते आहे. प्रगणक म्हणून जाणार ते पुन्हा आपले शिक्षकच. बेघरांची मोजणी रात्री होते, तेव्हा नागपूरच्या कुठल्या तरी शाळेतले गुरुजी आणि बाई हातात यादी घेऊन स्टेशनच्या बाहेर, पुलाखाली, मेडिकलच्या भिंतीपाशी जातील, आणि तिथे झोपलेल्या मुलांचे वय विचारतील. शिक्षण विभागाने त्यांच्या पिशवीत शाळाप्रवेशाचे कोरे अर्जही द्यावेत. जनगणनेचे तक्ते वेगळे आणि गोपनीय, ते तसेच राहू द्यावेत. हा अर्ज स्वतंत्र, आईच्या संमतीने, तिथल्या तिथे भरलेला. शैक्षणिक वर्ष संपत आलेले असले तरी कलम १५ प्रमाणे प्रवेश त्याच आठवड्यात देता येतो. पत्त्याच्या रकान्यात शाळेचाच पत्ता लिहावा आणि खाली मुख्याध्यापकांनी सही करावी. त्यासाठीचे परिपत्रक महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आजही काढता येईल.